स्ट्रोक टीम चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं कोणासाठी आहे?

ज्यांच्या हॉस्पिटलात स्ट्रोकचे (मेंदूची रक्ताची नळी बंद पडून किंवा फुटून येणारा झटका) पेशंट येतात आणि त्यांचं पुढचं सगळं मार्गी लावायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्यासाठी. म्हणजे न्यूरोवाले, फिजिशियन, कॅज्युअल्टीतले डॉक्टर, स्ट्रोक नर्स, आयसीयूच्या सिस्टर आणि हो, अ‍ॅडमिनवाले पण, कारण निम्म्या गोष्टी त्यांच्या सहीशिवाय हलत नाहीत. घरी कोणाला आत्ता लक्षणं दिसत असतील तर हे वाचत बसू नका, अँब्युलन्स बोलवा. डोसचे आकडे खाली दिलेत पण प्रत्यक्ष देताना आपल्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल उघडूनच द्यायचे.

आमच्याकडे चोवीस तास न्यूरॉलॉजिस्ट नाहीये. मग स्ट्रोक सर्व्हिस सुरू करायचीच नाही का?

करायची की. चोवीस तास सीटी, सीटी बघून रक्तस्राव आहे की नाही हे सांगणारा कोणीतरी, गुठळी विरघळवायचं औषध स्टॉकमध्ये, मॉनिटर असलेले दोन-चार बेड आणि एनआयएचएसएस (स्ट्रोक किती मोठा आहे ते मोजायचा स्कोअर) काढता येणारा एक डॉक्टर नाहीतर नर्स, एवढं असलं की सुरुवात होते. न्यूरॉलॉजिस्ट फोनवर किंवा व्हिडिओवर चालतो, टेलिस्ट्रोक आता काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तुमच्याकडे द्यायचं आणि लगेच मोठ्या सेंटरला पाठवायचं याला ड्रिप अँड शिप म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी याच पद्धतीवर काम चालतं.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून ठेवा: मेंदूची मोठी नळी बंद असलेला पेशंट कोणत्या सेंटरला पाठवायचा, तिथे फोन कोणाला करायचा, अँब्युलन्स कोणाची. हे रात्री दोन वाजता ठरवायला घेतलं तर तासभर नुसता फोनाफोनीत जातो. पेशंट आत आल्यापासून दुसरीकडे रवाना होईपर्यंत दीड तासाच्या वर वेळ लागत असेल तर अडकतंय कुठे ते शोधा.

आमचा डोअर टू नीडल टाइम (पेशंट दारात आल्यापासून इंजेक्शन देईपर्यंतचा वेळ) नव्वद मिनिटांच्या खाली येतच नाही. वेळ जातो कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच असतं, वेळ डॉक्टरी निर्णयात जात नाही, तो कॉरिडॉरमध्ये जातो. एकदा घड्याळ घेऊन पेशंटच्या मागे चालून बघा, खरंच. पेशंट दारात आला, आधी केस पेपर, केस पेपरचा नंबर पडल्याशिवाय सीटीवाले नाव घेत नाहीत, मुलगा खाली काउंटरला रांगेत उभा, मग कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवर घ्यायचं, मग ईसीजी, मग दोन हातांना दोन लाइन्स, मग रक्त लॅबला, मग कोणीतरी म्हणतं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) येऊ दे, मग वॉर्डबॉय शोधायचा, सीटीच्या टेबलावर दुसऱ्याच कोणाचं पोट चाललेलं असतं, ते संपेपर्यंत बाहेर थांबायचं, सीटी झाला की परत वर यायचं, मग सही, मग फार्मसीतून औषध मागवायचं. यातलं प्रत्येक काम पाच-सात मिनिटांचंच आहे हो, पण एकामागे एक लावलं की दीड तास कधी गेला कळतसुद्धा नाही.

हेलसिंकीच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९९८ मध्ये त्यांचा मध्यक डोअर टू नीडल १०५ मिनिटं होता, २०११ मध्ये तो २० वर आला. त्यांनी काही जादू केली नाही. अँब्युलन्सकडून आधी फोन, पेशंट यायच्या आधीच त्याची माहिती काढून तपासण्यांची ऑर्डर टाकलेली, अँब्युलन्सच्याच स्ट्रेचरवरून थेट सीटीला, शुगर आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) जागेवरच, आणि औषधाचा बोलस (एकदम द्यायचा डोस) सीटीच्या टेबलावर. एकामागे एक होणारी कामं एकाच वेळी सुरू केली, झालं.

तुमच्याकडे हे सगळं एकदम नाही जमणार, जमायची गरजही नाही. दोनच गोष्टी आधी करा. एक, स्ट्रोक कोडसाठी (स्ट्रोकचा पेशंट आल्याचा इशारा) तात्पुरता केस पेपर नंबर, म्हणजे नाव-पत्ता नंतर आला तरी चालेल पण सीटी अडायला नको. दोन, औषधाचा किट सीटी रूममध्ये, त्यात व्हायल, सिरिंज, वजनानुसार डोसचा लॅमिनेट केलेला तक्ता आणि बीपी उतरवायची इंजेक्शनं, आणि महिन्यातून एकदा एक्स्पायरी बघणारी एक ठरलेली सिस्टर. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

आणि हे का करायचं असं कोणी विचारलं तर सांगायचं, मोठी नळी बंद झालेल्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला साधारण १९ लाख न्यूरॉन मरतात. हा आकडा २००६ सालचा आहे आणि अ‍ॅडमिनच्या मीटिंगमध्ये अजूनही उपयोगी पडतो.

लास्ट नोन वेल म्हणजे लक्षणं दिसली ती वेळ ना?

नाही! इथेच सगळा घोळ होतो. पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ. सकाळी सहाला उठवायला गेले तेव्हा हात उचलत नव्हता, तर सहा ही सापडल्याची वेळ झाली. रात्री अकराला झोपताना नीट बोलले असतील तर घड्याळ अकरापासून चालू.

पण तिथेच थांबू नका, खोदून विचारा. नातेवाईक घाबरलेले असतात, पहिलं उत्तर आलं ते फॉर्मवर लिहून मोकळं व्हायचं नाही.

"दादा, बाबांशी नीट बोलणं शेवटचं कोणाचं झालं?"
"रात्री जेवताना झालं ना, दहाच्या सुमारास."
"रात्री मध्ये उठले होते का? बाथरूमला वगैरे?"
"हो, ते उठतातच. आईला विचारतो थांबा." मग आतून फोन, "चारला उठले होते म्हणे, स्वतःच गेले, आईला पाणी पण मागितलं."
"चालत गेले? बोलणं स्पष्ट होतं?"
"हो हो, एकदम."

बघा, दहाचे चार झाले. म्हणजे सकाळी सातला आलेला हा पेशंट नऊ तासांचा राहिला नाही, तीन तासांचा झाला आणि इंजेक्शन देता येतं त्या साडेचार तासांच्या खिडकीत आला. कॉल लॉग, मेसेजची वेळ, दूधवाल्याला दार कोणी उघडलं, हे सगळं विचारायचं. आणि ही वेळ फॉर्मवर लिहिताना कोणी सांगितली तेही लिहा आणि त्या माणसाचा फोन नंबर घ्या, कारण अँब्युलन्सबरोबर आलेला पुतण्या असतो आणि माहिती असलेली बायको घरी असते.

वेळ कळलीच नाही तरी हात वर करायचे नाहीत. एमआरआयवर डिफ्यूजन या प्रकारच्या चित्रात दिसतंय आणि फ्लेअर या प्रकारच्या चित्रात अजून दिसत नाहीये, तर स्ट्रोक ताजा असण्याची शक्यता जास्त, २०१८ च्या वेक-अप ट्रायलनंतर या पेशंटना इंजेक्शन देता येतं. पर्फ्यूजन स्कॅन (मेंदूत रक्त कुठे किती पोचतंय ते दाखवणारा) असेल तर त्यावरूनही निवड करता येते.

इंजेक्शन द्यायच्या आधी कोणकोणत्या रिपोर्टची वाट बघायची?

शुगरची. बस.

बोटावरची ग्लुकोमीटरची चालते. पेशंट वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असेल, लिव्हरचा असेल, रक्ताचा आजार माहीत असेल तर आयएनआर आणि प्लेटलेटची वाट बघा, नवीन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर शेवटची गोळी कधी घेतली ते विचारा. बाकी कोणाचंही रक्त लॅबला पाठवा आणि पुढे चला. क्रिएटिनिनसाठी सीटी अँजिओ (मेंदूच्या नळ्यांचा सीटी) अडवून ठेवणं ही सवय मोडायला सगळ्यात अवघड जाते, रेडिओलॉजीवाल्यांबरोबर बसून एकदा लेखी ठरवून टाका.

गुठळी विरघळवायला अल्टेप्लेज की टेनेक्टेप्लेज?

अल्टेप्लेजचा पाया १९९५ च्या एनआयएनडीएस ट्रायलचा, तीन तासांपर्यंत, आणि २००८ च्या एकास-३ ने ती मुदत साडेचार तासांवर नेली. डोस ०.९ मिग्रॅ प्रति किलो, जास्तीत जास्त ९० मिग्रॅ, दहा टक्के बोलस आणि उरलेलं तासाभरात पंपावर. टेनेक्टेप्लेज ०.२५ मिग्रॅ प्रति किलो, जास्तीत जास्त २५ मिग्रॅ, एकच बोलस. २०२२ च्या अ‍ॅक्ट ट्रायलमध्ये ते अल्टेप्लेजच्या तोडीस तोड ठरलं. माझं मत विचाराल तर ज्यांना पेशंट दुसरीकडे पाठवायचाय त्यांनी टेनेक्टेप्लेजच ठेवावं, अँब्युलन्समध्ये पंप, त्याची बॅटरी, वळणावर निघालेली लाइन, ही सगळी कटकट वाचते.

पण एक धोका आहे आणि तो नर्सिंग स्टाफला परत परत सांगायला लागतो. हेच औषध हार्ट अटॅकमध्ये ५० मिग्रॅपर्यंत देतात. स्ट्रोकमध्ये २५ च्या वर जायचंच नाही. व्हायल तीच, सिस्टर तीच, काल कार्डिअ‍ॅकमध्ये ड्यूटी होती आणि आज इथे, तर हात सवयीने तिकडे जाणार. ०.४ चा डोस नॉर्वेतल्या एका ट्रायलमध्ये करून बघितला, मेंदूत रक्तस्राव वाढले. म्हणून किट वेगळा, तक्ता वेगळा, आणि दोघांनी मोठ्याने डोस वाचून दाखवायचा.

वजन? अंदाजाने नको. वजन दाखवणारी ट्रॉली घ्या, एवढा एक खर्च मंजूर करून घ्या. नसेल तर घरच्यांना विचारा आणि दोघांचा अंदाज जुळतोय का बघा.

बीपी किती ठेवायचं? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

कारण परिस्थिती वेगवेगळी असते आणि आपण आकडे एकमेकांत मिसळतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणा आणि दिल्यावर चोवीस तास १८०/१०५ च्या खाली ठेवा. इंजेक्शनही नाही, थ्रॉम्बेक्टमीही (नळीतून तार घालून गुठळी बाहेर काढणं) नाही, साधा इस्केमिक (नळी बंद होऊन आलेला) स्ट्रोक, तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावायचा नाही (हार्टचं किंवा दुसरं काही कारण असेल तर गोष्ट वेगळी). रक्तस्राव असेल तर सिस्टॉलिक (वरचं बीपी) १४० च्या आसपास, १३० च्या खाली ढकलायचं नाही.

थ्रॉम्बेक्टमी होऊन नळी उघडली की काहीजणांना वाटतं आता बीपी जितकं कमी तितकं बरं. तसं नाहीये. २०२२ मध्ये एका ट्रायलमध्ये सिस्टॉलिक १२० च्या खाली ठेवून बघितलं, त्या पेशंटची अवस्था उलट वाईट झाली.

सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं सांगू? पेशंट कॅज्युअल्टीत, बीपी २००/१००, स्ट्रोक नवीन, आणि कोणीतरी घाबरून जिभेखाली निफेडिपिन देतं. बीपी धाडकन खाली आणि त्याबरोबर कसंबसं रक्त मिळत असलेला मेंदूचा भागही गेला. असलं काही ड्रॉवरमध्ये ठेवूच नका.

एनआयएचएसएसचा स्कोअर फक्त ३ आहे, इंजेक्शन द्यायचं का?

स्कोअर नको बघू, पेशंटला काय येत नाहीये ते बघा. शिवणकाम करणाऱ्या बाईंचा उजवा हात काम करत नसेल किंवा शिक्षकाला शब्दच सापडत नसतील तर स्कोअर २ असला तरी ते अपंगत्वच आहे आणि इंजेक्शन द्यायला हवं. नुसता चेहरा जरासा वाकडा, थोडी बधिरता, बाकी चालतोय-बोलतोय, तर इंजेक्शनने जास्त फायदा होत नाही, २०१८ च्या प्रिझम्स आणि २०२३ च्या अ‍ॅरामिस ट्रायलनंतर हे बरंच स्पष्ट झालंय. त्यांना अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही सुरू करा. आणि निर्णय घेण्याआधी पेशंटला बेडवरून उठवून चार पावलं चालवून बघा, मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक झोपलेल्या पेशंटमध्ये स्कोअर शून्य दाखवतो आणि उभं केलं की पेशंट कोसळतो.

आणि स्ट्रोकच नसला तर? उगाच इंजेक्शन दिलं गेलं तर?

शुगर कमी झालेली, फिट येऊन गेल्यावरची तात्पुरती कमजोरी, मायग्रेन, फंक्शनल (मेंदूत बिघाड न सापडणारी) लक्षणं, हे सगळे हुबेहूब स्ट्रोकसारखे दिसू शकतात. शुगर पहिल्या मिनिटात बघितली की एक गट बाजूला झाला. बाकीच्यांत चुकून इंजेक्शन गेलंच तर मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण अगदी कमी, साधारण एक टक्क्याच्या आसपास. त्यामुळे पक्की खात्री व्हायची वाट बघत खऱ्या स्ट्रोकचा वेळ घालवण्यापेक्षा एखादा मिमिक (स्ट्रोकसारखा दिसणारा पण स्ट्रोक नसलेला) ट्रीट झाला तर झाला. तुमच्याकडे वर्षभरात एकाही मिमिकला इंजेक्शन गेलं नसेल तर टीम फार घाबरून काम करतेय असं समजा.

थ्रॉम्बेक्टमीसाठी कोणाला पाठवायचं?

मोठी नळी बंद आहे हे सीटी अँजिओवर दिसलं की लगेच फोन. २०१५ मध्ये एका वर्षात पाच ट्रायल आल्या आणि त्या एकत्र केल्यावर दिसलं की दर दोन-तीन पेशंटमागे एकाची अवस्था अपंगत्वाच्या मोजपट्टीवर निदान एका पायरीने सुधारते. असे आकडे मेडिसिनमध्ये रोज बघायला मिळत नाहीत. २०१८ मध्ये डॉन आणि डिफ्यूज-३ या ट्रायलनी निवडक पेशंटसाठी मुदत अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत नेली. बेसिलर (मेंदूच्या मागच्या भागाची मोठी नळी) बंद असलेल्यांसाठी २०२२ मध्ये पुरावा आला, मोठा इन्फार्क्ट (रक्त न मिळून मेलेला मेंदूचा भाग) दिसत असलेल्यांसाठी २०२२-२३ मध्ये. म्हणून "उशीर झालाय", "खूप मोठा आहे" असं म्हणून स्वतःच नाही म्हणू नका, स्कॅन पाठवा आणि त्यांना ठरवू द्या.

इंजेक्शनला पात्र असेल तर इंजेक्शन द्या आणि पाठवा. त्याचा परिणाम दिसतोय का हे बघत थांबायचं नाही.

नातेवाईकांना दहा मिनिटांत कसं समजावायचं?

दहा कुठली, तीनच मिनिटं असतात हातात. आणि त्यातही पाचजण एकदम बोलतात. निर्णय घेणारा एकजण समोर घ्या, त्याला बसवा, आणि साध्या भाषेत. टक्केवारीचा पाढा वाचला तर समोरच्याला फक्त "रक्तस्राव" एवढाच शब्द ऐकू जातो.

"ताई, आईच्या मेंदूची एक नळी गुठळीने बंद झालीय. ती विरघळवायचं औषध आहे, जितकं लवकर देऊ तितका फायदा. दिलं तर स्वतःच्या पायावर घरी जाण्याची शक्यता वाढते. धोका एकच मोठा आहे, शंभरातल्या पाच-सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होतो आणि तो कधीकधी जिवावर बेततो. हे सगळं धरूनही माझ्या मते द्यायला हवं."

शेवटचं वाक्य गाळू नका. "तुम्ही ठरवा" म्हणून हात झटकणारा डॉक्टर घरच्यांना नको असतो, त्यांना विचारायचंच असतं की तुमची आई असती तर काय केलं असतं. सल्ला द्या आणि नाही म्हणायची मोकळीकही द्या. कोणी मोठे काका दुसऱ्या गावाहून येईपर्यंत थांबा म्हणाले तर फोन स्पीकरवर टाका आणि तिथल्या तिथे बोलून घ्या. पेशंट बोलू शकत नाही आणि बरोबर कोणीच नाही, अशा वेळी काय करायचं हे तुमच्या हॉस्पिटलच्या पॉलिसीत आधीच लिहिलेलं असलं पाहिजे, इमर्जन्सी म्हणून दोन डॉक्टरांच्या सहीने किंवा जे काही तुमच्याकडे कायद्याने चालतं ते.

ब्रेन हेमरेज असेल तर मग फक्त वाट बघायची ना?

ही समजूत जायला हवी. "हेमरेज आहे, बघू" असं लिहिलेल्या केस शीट बघितल्या की चीड येते. २०२३ च्या इंटरॅक्ट-३ ट्रायलमध्ये दहा देशांतल्या सात हजारांवर पेशंटमध्ये चार साध्या गोष्टी एकत्र करून बघितल्या: तासाभरात सिस्टॉलिक १४० च्या खाली, शुगर आटोक्यात, ताप ३७.५ अंशांच्या आत आणि वॉरफरिनचा परिणाम असेल तर तासाभरात उलटवणं. सहा महिन्यांनी पेशंटची अवस्था खरोखर चांगली निघाली. यातल्या एकाही गोष्टीला न्यूरोसर्जन लागत नाही.

वॉरफरिनवर असेल तर व्हिटॅमिन के आणि प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, डाबिगाट्रान या नवीन रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असेल तर इडारुसिझुमॅब ५ ग्रॅम. अ‍ॅस्पिरिनवर होता म्हणून प्लेटलेट चढवणं मात्र नको, २०१६ च्या पॅच ट्रायलमध्ये ज्यांना चढवले त्यांचं वाईट झालं (ऑपरेशन लागणार असेल तर न्यूरोसर्जनशी बोला). छोट्या मेंदूत रक्ताची मोठी गाठ असेल, पाणी साचत असेल तर न्यूरोसर्जन लगेच. आणि पहिल्या दिवशी घरच्यांना "आशा नाही" सांगून हात आखडते घेऊ नका, पहिल्या चोवीस तासांत केलेली भाकितं फसतात.

इंजेक्शन दिलं, पेशंट वर आला. आता पुढे काय काय बघायचं?

आता सिस्टरचं राज्य सुरू होतं, आणि खरं सांगायचं तर पेशंटचं भवितव्य इथे जितकं ठरतं तितकं कोणी कबूल करत नाही. स्ट्रोक युनिटमध्ये ठेवलेले पेशंट साध्या वॉर्डातल्यांपेक्षा जास्त जगतात आणि जास्त स्वावलंबी होतात, वय कितीही असो, स्ट्रोक लहान असो वा मोठा. यात मशीन कोणतंच नाही, एकाच आजाराचे पेशंट रोज बघणारी माणसं एका जागी आहेत एवढंच.

ऑस्ट्रेलियातल्या १९ स्ट्रोक युनिट्समध्ये २०११ मध्ये नर्सेसनी चालवलेला एक प्रोटोकॉल तपासला गेला. ताप, शुगर, गिळणं. ७२ तास दर चार तासांनी टेम्परेचर आणि ३७.५ झाला की पॅरासिटामॉल, शुगर नियमित बघून वाढली की उतरवणं, आणि तोंडाने काहीही द्यायच्या आधी गिळण्याची तपासणी. नव्वद दिवसांनी मृत्यू आणि परावलंबन मिळून जवळपास १६ टक्क्यांनी कमी. कोणत्याही महागड्या औषधाला लाज वाटावी असा आकडा आहे हा.

गिळण्याचं जरा जास्त सांगतो कारण तिथे रोज पाणी मुरतं. पेशंट शुद्धीवर आला, तोंड कोरडं पडलंय, "पाणी" म्हणतो, मावशी प्रेमाने चमचाभर पाजतात, ठसका लागतो किंवा लागतही नाही, आणि तिसऱ्या दिवशी ताप आणि उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. बेडच्या डोक्यापाशी मोठ्या अक्षरात पाटी लावा, "तपासणी होईपर्यंत तोंडाने काही नाही, गोळीसुद्धा नाही". घरच्यांना कारण सांगा, नुसती मनाई केली तर सिस्टरची पाठ वळली की पाजतात. तपासणीत आधी पेशंट सरळ बसतोय का, खोकला येतो का, लाळ गळतेय का हे बघायचं, मग चमच्याने थोडं पाणी, आवाज ओला-घरघरीत झाला का ऐकायचं, मग जास्त. जमलं नाही तर स्पीच थेरपिस्ट आणि तोपर्यंत रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी).

बाकी भराभर: ऑक्सिजन फक्त सॅच्युरेशन ९४ च्या खाली असेल तर. इंजेक्शननंतर चोवीस तास अ‍ॅस्पिरिन नाही, परत सीटी करून मगच, आणि शक्यतो नवीन कॅथेटर-ट्यूबही टाळा. बीपी घ्यायचं ते पहिले दोन तास पंधरा मिनिटांनी, मग सहा तास अर्ध्या तासाने, मग तासाने. ओठ किंवा जीभ सुजतेय का बघत राहा, बीपीची एसीई इन्हिबिटर गोळी घेणाऱ्यांत जास्त होतं आणि श्वास अडकू शकतो. न चालणाऱ्या पेशंटच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून हवेने दाबणारे पट्टे लावा, लांब घट्ट मोजे उपयोगाचे नाहीत हे २००९ मध्येच सिद्ध झालंय तरी ते अजून मागवले जातात, का ते देव जाणे.

मेंदूला ताकद देणारी इंजेक्शनं द्यावीत का? घरचे मागतात.

सिटिकोलीनची मोठी ट्रायल २०१२ मध्ये झाली, फायदा दिसला नाही. सुजेसाठी स्टेरॉइडचाही उपयोग नाही. फ्लुऑक्सेटिनने हात-पाय लवकर सुधारतील असं वाटत होतं, २०१८ मध्ये तेही खोटं ठरलं, वर हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं (नैराश्य असेल तर द्यायचं, तो वेगळा विषय). तोच पैसा फिजिओथेरपीला लावा असं घरच्यांना स्पष्ट सांगा.

तरुण पेशंट, मोठा इन्फार्क्ट, झोपाळू व्हायला लागलाय?

न्यूरोसर्जनला आत्ता फोन करा, उद्याच्या राउंडला नको. साठीच्या आतल्या पेशंटमध्ये ४८ तासांच्या आत कवटीचं हाड काढून मेंदूला जागा करून दिली तर जगणाऱ्यांचं प्रमाण २९ वरून ७८ टक्क्यांवर जातं, २००७ मध्ये तीन युरोपियन ट्रायल एकत्र करून आलेला हा आकडा आहे. पण जगतील त्यातले बरेचजण अपंगत्व घेऊन जगतील, हे ऑपरेशनच्या आधी घरच्यांना सांगायचं. साठीच्या पुढे जीव वाचतो पण बहुतेकांना कायमची मदत लागते, तिथे पेशंटला स्वतःला काय हवं असतं याचा विचार घरच्यांनी करायला हवा.

फिजिओ कधी सुरू करायचा? लवकरात लवकर ना?

लवकर, पण पहिल्याच दिवशी धावपळ करून नाही. २०१५ च्या अ‍ॅव्हर्ट ट्रायलमध्ये चोवीस तासांच्या आत सारखं सारखं आणि जास्त वेळ उभं करून चालवायचा प्रयत्न झाला आणि त्या पेशंटचा निकाल थोडा वाईटच लागला. पहिल्या दिवशी कुशीवर वळवणं, सांधे हलवणं, लुळा खांदा ओढला जाणार नाही याची काळजी. मग थोड्या थोड्या वेळाने, वारंवार.

दोन गोळ्या किती दिवस? आणि एएफ (हृदयाचे अनियमित ठोके) असेल तर?

छोटा स्ट्रोक किंवा जोखमीचा टीआयए (थोड्या वेळात आपोआप बरा होणारा स्ट्रोकसारखा झटका) असेल तर अ‍ॅस्पिरिन अधिक क्लोपिडोग्रेल, चोवीस तासांत सुरू, २१ दिवस, मग एकच. डिस्चार्ज कार्डावर दुसरी गोळी बंद करायची तारीख लिहा, तारीख! "२१ दिवस" लिहिलं की दोन वर्षांनी पेशंट पोटातल्या रक्तस्रावाने येतो आणि दोन्ही गोळ्या चालूच असतात.

एएफ असेल तर रक्त पातळ करायची गोळी सुरू करायला दोन आठवडे थांबायची जुनी सवय आता सुटत चाललीय. २०२३ च्या एलान ट्रायलमध्ये लहान-मध्यम स्ट्रोकला ४८ तासांत आणि मोठ्याला सहाव्या-सातव्या दिवशी सुरू केलं, रक्तस्राव वाढले नाहीत. सुरू करायच्या आधी सीटी बघून घ्या.

टीआयएवाला बरा होऊन आलाय, ओपीडीची पुढच्या महिन्याची तारीख दिली तर चालेल?

अजिबात नाही. ऑक्सफर्डमध्ये २००७ मध्ये दाखवून दिलंय की त्याच दिवशी बघून त्याच दिवशी औषध सुरू केलं तर नव्वद दिवसांतला पुन्हा स्ट्रोक होण्याचा धोका १०.३ वरून २.१ टक्क्यांवर आला. औषधं जुनीच होती, फक्त लवकर दिली. मानेच्या नळ्यांचा स्कॅन, ईसीजी आणि पहिली गोळी त्याच दिवशी. मानेची नळी ७० टक्क्यांच्या वर अरुंद असेल तर ऑपरेशन दोन आठवड्यांच्या आत व्हायला हवं, तेव्हा सर्जनची तारीखही आत्ताच घ्या.

ऑडिटसाठी काय काय मोजायचं?

कमी मोजा पण खरं मोजा. डोअर टू सीटी, डोअर टू नीडल, पाठवलेल्यांचा आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ, गिळण्याची तपासणी झालेल्यांचं प्रमाण, इंजेक्शननंतरचे रक्तस्राव आणि नव्वद दिवसांचा एमआरएस (पेशंट किती स्वावलंबी आहे ते सांगणारी अपंगत्वाची मोजपट्टी). सरासरी काढू नका, मध्यक काढा, एक पेशंट तीन तास अडकला की सरासरी पार बिघडते. आणि रात्रीचे व सुट्टीचे पेशंट वेगळे काढून बघा, खरी अवस्था तिथे कळते.

महिन्याच्या मीटिंगला फक्त डॉक्टर बोलावू नका. सीटी टेक्निशियन, काउंटरवरचा माणूस, वॉर्डबॉय, सगळे हवेत. ज्या पेशंटला उशीर झाला त्याची फाईल उघडून मिनिटामिनिटाने वाचा आणि "कोणामुळे" हा प्रश्न कोणी विचारला तर तिथेच थांबवा, "कशामुळे" एवढंच बोलायचं. एकदा का माणसं घाबरायला लागली की फॉर्मवरच्या वेळा सोयीच्या व्हायला लागतात, सगळं बरोबर मर्यादेच्या आत, ५८ मिनिटांत झालेलं दिसतं.

नव्वद दिवसांचा एमआरएस कोण घेणार? पेशंट परत येतच नाहीत.

फोनवर घ्या, चालतो. डिस्चार्जच्या दिवशी दोन नंबर घ्या, एक पेशंटच्या घरचा आणि एक शेजारचा किंवा दुसऱ्या नातेवाईकाचा, आणि तेव्हाच सांगून ठेवा की तीन महिन्यांनी आमच्या सिस्टरचा फोन येईल. "कसे आहात" विचारलं की "ठीक" असं उत्तर येतं, त्यातून काही कळत नाही. विचारायचं असं: काका, स्वतः चालता का, की कोणी धरावं लागतं? आंघोळ, कपडे? एकटं घरी सोडून बाहेर जाता येतं का घरच्यांना? पूर्वी जे काम करत होता ते सुरू केलं का? त्याच फोनमध्ये गोळ्या चालू आहेत का, बीपी शेवटचं किती होतं आणि झोप-मूड कसा आहे हेही विचारा, स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि ते आपणहून कोणी सांगत नाही. फोन शक्यतो पेशंटनेच उचलावा असं बघा. मुलाने उचलला तर आधी पेशंटशी बोला आणि मग मुलाशी, दोघांची उत्तरं वेगळी येतात, आणि वेगळी आली की मुलगा म्हणतो ती पायरी लिहायची की पेशंट म्हणतो ती, यावर वाद न घालता अजून दोन प्रश्न विचारा, "सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा" म्हटलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.